आदेलासिया देल वास्तो: माहेर, अकरा वर्षांचा कारभार आणि ११०९ चं कागदी पत्र

वंशवेल

सिसिलीच्या नॉर्मन राज्याचा इतिहास बहुतेक जण २५ डिसेंबर ११३० पासून सांगायला घेतात. त्या दिवशी पालेर्मोत रॉजर दुसऱ्याचा राज्याभिषेक झाला. पण हा रॉजर ११०५ मध्ये काउंट म्हणून गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता आणि तो हातात तलवार घेण्याजोगा होईपर्यंत राज्य त्याच्या आईने राखलं. ती आदेलासिया देल वास्तो. ११०१ ते १११२ अशी अकरा वर्षं आधी थोरला मुलगा सिमोन याच्या आणि मग धाकट्या रॉजरच्या नावाने तिने कारभार पाहिला. तिच्याबद्दल मराठीत जवळपास काहीच सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी माहेर, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतात.

ती आलेरामिची कुळातली. मूळपुरुष आलेरामो, दहाव्या शतकातला मार्क्विस, म्हणजे सरहद्दीच्या मुलखाचा सरदार. वायव्य इटलीत आजच्या पियेमोंते आणि लिगुरिया प्रांतांत या कुळाची सत्ता होती. वडील मार्क्विस मान्फ्रेदो. मान्फ्रेदोचा भाऊ बोनिफाचिओ देल वास्तो, साव्होनाकडच्या मुलखाचा धनी. पुढे सालुत्सो, चेव्हा, देल कार्रेत्तो वगैरे घराणी निघाली ती या बोनिफाचिओच्या मुलांपासून. म्हणून जुन्या वंशावळींत आदेलासियाला बोनिफाचिओची मुलगी म्हटलेलं दिसलं तर ते सोडून द्या. बोनिफाचिओ तिचा काका.

'देल वास्तो' हे नावही फसवतं. आब्रुत्सो प्रांतात वास्तो नावाचं गाव आहे, त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. इथलं 'वास्तो' म्हणजे उजाड मुलूख. अरब स्वाऱ्यांनी ओसाड पडलेला लिगुरियाच्या डोंगरांतला पट्टा, असा त्याचा अर्थ सहसा लावतात.

लग्न १०८९ चं. नवरा काउंट रॉजर पहिला, वय साठीच्या जवळ. आदेलासिया असेल पंधराच्या आसपास. ही त्याची तिसरी बायको. पहिली एव्ह्रोची ज्युडिथ, दुसरी मोर्तेनची एरेम्बुर्गा. आणि हे एकट्या मुलीचं लग्न नव्हतं. आदेलासियाच्या आणखी दोन बहिणी रॉजरच्या आधीच्या मुलांना, जॉर्डन आणि जॉफ्री यांना, द्यायच्या ठरल्या. तिचा भाऊ एन्रीको याला रॉजरची मुलगी फ्लान्दिना दिली. आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात तेच हे, फक्त दोन राजकीय घराण्यांमधलं. एन्रीको एकाच वेळी रॉजरचा मेहुणाही झाला आणि जावईही.

माजघर

आदेलासियालाच आदेलाइदेही म्हणतात, आणि सूझाची आदेलाइदे म्हणून आणखी एक आहे ना? दोघींचं नाव एक, दोघी उत्तर इटलीतल्या, दोघींनी मुलांच्या नावे राज्य केलं. विकीवर वाचताना हमखास गल्लत होते. वेगळं कसं ओळखायचं?

वंशवेल

@माजघर, गल्लत होते कारण दोघी खरंच नात्यातल्या आहेत.

सूझाची आदेलाइदे ही तोरिनोच्या उल्रिक मान्फ्रेदोची मुलगी. तिने सव्हॉयच्या घराण्यासाठी कारभार पाहिला, १०७७ च्या जानेवारीत जावई जर्मन राजा हेन्री चौथा पोपची क्षमा मागायला कानोस्साला गेला तेव्हा ती सोबत होती, आणि १९ डिसेंबर १०९१ ला ती वारली. तिची बहीण बेर्ता, बेर्ताचा मुलगा मान्फ्रेदो आणि मान्फ्रेदोची मुलगी आपली आदेलासिया. म्हणजे सूझाची आदेलाइदे ही आदेलासियाच्या आजीची बहीण. मान्फ्रेदो हे नावसुद्धा त्याच आजोळाकडून आलेलं दिसतं.

सोपी खूण वर्षाची. १०९१ नंतरचा उल्लेख असेल तर ती सूझाची असूच शकत नाही. स्थळ मिलेतो, मेस्सिना, पालेर्मो, अक्का (जेरुसलेमच्या राज्याचं बंदर) किंवा पात्ती असेल तर ती सिसिलीची. मराठीत लिहिताना एकीला 'आदेलाइदे' आणि दुसरीला 'आदेलासिया' म्हटलं तर वाचणाऱ्याची सोय होते. सिसिलीच्या दस्तांत 'आदेलासिया' हे रूप येतंही.

मुलांची नावं इथेच देऊन ठेवतो. सिमोन, जन्म १०९३, मृत्यू २८ सप्टेंबर ११०५. रॉजर, जन्म २२ डिसेंबर १०९५. मुली मातिल्दा आणि माक्सिमिल्ला. मातिल्दा आलिफेच्या काउंट रानुल्फला दिली. माक्सिमिल्ला तोस्कानाच्या आल्दोब्रान्देस्की घराण्यात गेली.

कोरा_कागद

धागा काढलात हे फार चांगलं झालं. तिच्या कारभाराचा एक तुकडा आज डोळ्यांनी पाहता येतो, त्यावर लिहितो. पालेर्मोच्या सरकारी दप्तरखान्यात मार्च ११०९ चं एक पत्र आहे. तारीख पक्की माहीत असलेलं युरोपातलं सगळ्यात जुनं कागदी पत्र म्हणून ते ओळखलं जातं. चर्मपत्र नव्हे, कागद.

मजकूर दोन भाषांत आहे, ग्रीक आणि अरबी. आदेलासिया आणि तिचा मुलगा रॉजर यांच्या नावाने कास्त्रोजोव्हानीच्या परिसरातल्या अधिकाऱ्यांना हुकूम आहे: वाल देमोनेतल्या (सिसिलीच्या ईशान्य भागातल्या) सान फिलिप्पो दि फ्रागाला मठाला कोणी त्रास देऊ नये, त्याचं रक्षण करावं. कास्त्रोजोव्हानी म्हणजे आजचं एन्ना. नकाशात १९२७ च्या आधीचं नाव शोधाल तर कास्त्रोजोव्हानीच मिळेल.

आता हे दोन भाषांत का? मठ ग्रीक भिक्षूंचा. हुकूम बजावायचा ज्या मुलखात, तिथली वस्ती मुख्यतः अरबी बोलणारी. भिक्षूने तो कागद हातात धरून दाखवला तर समोरच्याला वाचता यायला हवा, नाहीतर हुकमाचा उपयोग शून्य. लॅटिन त्यात नाहीच. तिच्या काळातले दस्त बहुतेक ग्रीकच आहेत.

कागदाबद्दल. त्या काळचा अरबी पद्धतीचा कागद म्हणजे चिंध्या कुटून केलेला लगदा, वर पिष्टाची खळ, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून आणलेली चकाकी. आपल्या जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची रीतही हीच, खळ आणि घोटाई. खळीमुळे शाई पसरत नाही. पण पिष्ट हे बुरशीचं आणि किड्यांचं खाद्य. दमट हवेत असा कागद आधी घडीवर फाटतो, मग कडेने खाल्ला जातो. इटलीत फाब्रियानोच्या कागद्यांनी पुढे खळीऐवजी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरला तो याच कारणाने. पाणचिन्हंही (कागद उजेडात धरला की दिसणाऱ्या खुणा) तिथलीच, तेराव्या शतकाच्या अखेरची. त्यामुळे ११०९ च्या कागदावर पाणचिन्ह शोधत बसू नका, नसणारच. काळ ठरवायचा तो मजकुरातल्या तारखेवरून.

कागद टिकत नाही हे तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं. ११४५ मध्ये रॉजरने जुन्या सनदा नव्याने करून द्यायचं काम काढलं, तेव्हा आईच्या काळातले कागदावरचे दस्त चर्मपत्रावर उतरवून घेतले गेले. त्याचा नातू फ्रेडरिक दुसरा याने १२३१ मध्ये तर कायदाच केला की दस्तऐवज चर्मपत्रावरच हवेत. म्हणून त्या काळातले कागद इतके थोडे उरलेत. मूळ कागद नवीन प्रत झाल्यावर जपायचं कोणाला कारण नव्हतं. हे एक पत्र मठाच्या दप्तरात राहिलं म्हणून वाचलं.

माजघर

ग्रीक दस्तात तारीख इसवी सनात नसते ना? मग मार्च ११०९ कसं काढलं?

कोरा_कागद

@माजघर, बायझंटाइन पद्धतीत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष देतात आणि ते १ सप्टेंबरला बदलतं. हिशेब असा:

महिना जानेवारी ते ऑगस्ट असेल तर ५५०८ वजा करा. सप्टेंबर ते डिसेंबर असेल तर ५५०९.

मार्च ६६१७ म्हणजे ६६१७ वजा ५५०८, ११०९. आता पडताळा. दस्तात 'इंडिक्शन' नावाचा १५ वर्षांच्या फेऱ्यातला आकडाही असतो. सृष्टीवर्षाला १५ ने भागा, जी बाकी उरेल ती इंडिक्शन. बाकी शून्य आली तर १५ धरायचं. ६६१७ भागिले १५, बाकी २. म्हणजे दुसरी इंडिक्शन. दस्तातला आकडा याच्याशी जुळला नाही तर एक तर वाचण्यात चूक आहे, नाहीतर नक्कल करणाऱ्याने गडबड केलीय, किंवा दस्तच बनावट आहे. मठांनी नंतर बनवलेल्या सनदा पुष्कळ आहेत, त्यामुळे हा पडताळा चुकवायचा नाही.

सप्टेंबरचा फास बघा. सिमोन वारला सप्टेंबर ११०५ मध्ये. त्या महिन्यातल्या दस्तावर ६६१४ हे वर्ष असेल. सवयीने ५५०८ वजा केलेत तर ११०६ येतं, आणि मेलेला काउंट कागदावर एक वर्ष जास्त जगतो. अशी चूक झाली की मग पुढच्या सगळ्या घटना एकेक वर्ष सरकतात.

अरबी बाजू हिजरीत. मार्च ११०९ हिजरी ५०२ मध्ये येतो. ते वर्ष ऑगस्ट ११०८ मध्ये सुरू झालं.

शिलेदार

कारभाराची दुसरी बाजू मांडतो. रॉजर पहिला मिलेतोला, कालाब्रियात (इटलीच्या दक्षिण टोकाला), २२ जून ११०१ ला वारला. मागे आठ वर्षांचा सिमोन, पाच वर्षांचा रॉजर आणि सत्ताविशीच्या आसपासची विधवा. सिसिलीतलं शेवटचं अरब ठाणं नोतो पडून दहाच वर्षं झालेली. कालाब्रिया आणि सिसिली दोन्हीकडे सरदारांनी उठाव केले. ते तिने मोडून काढले.

कोणाच्या जोरावर? नॉर्मन सरदारांवर ती विसंबली नाही, हे महत्त्वाचं. तिचे आधार दोन. एक म्हणजे ग्रीक अधिकारी. त्यांत क्रिस्तोदुलोस पुढे आला, अमीर हे पद त्याच्याकडे गेलं. अरबी साधनांत अब्द अल-रहमान अल-नसरानी म्हणून जो येतो तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्याच पदरी अँटिओकचा जॉर्ज कामाला लागला. मेहदियाचा (आजच्या ट्युनिशियातलं शहर) सुलतान तमीम ११०८ मध्ये वारल्यावर हा जॉर्ज तिथून निसटून सिसिलीत आला, आणि पुढे रॉजरच्या आरमाराचा आणि राज्याचा सर्वांत मोठा कारभारी झाला. दुसरा आधार म्हणजे माहेर.

वंशवेल

माहेरचा आधार म्हणजे भाऊ एन्रीको. पातेर्नो आणि बुतेराची जहागीर त्याच्याकडे होती. त्याच्या आणि आदेलासियाच्या आश्रयाने मोन्फेर्रातो आणि लिगुरियाकडची कुटुंबं बेटाच्या मधल्या आणि पूर्वेच्या भागात वसली: पियात्सा, बुतेरा, निकोसिया, स्पेर्लिंगा, आइदोने, सान फ्रातेल्लो. दस्तांत यांना 'लोम्बार्द' म्हणतात. आजच्या लोम्बार्दिया प्रांतातून आले असा अर्थ लावू नका, तेव्हा हा शब्द सगळ्या उत्तर इटलीला चालायचा.

यातल्या सान फ्रातेल्लो, निकोसिया, स्पेर्लिंगा, पियात्सा आर्मेरिना, आइदोने इथली बोली आजही सिसिलियन नाही. तिला गाल्लो-इतालिक म्हणतात, तिचं नातं पियेमोंते-लिगुरियाच्या बोलींशी आहे. नऊशे वर्षांपूर्वी एका सुनेच्या माहेरची माणसं आली, त्याचा हा पुरावा लोकांच्या तोंडात जिवंत आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हे वसाहतदार अरबी बोलणाऱ्या रयतेच्या जमिनींवर आले. ११६१ मध्ये एन्रीकोच्याच वंशातला रॉजर स्क्लाव्हो याने पियात्सा आणि बुतेराकडे बंड केलं, तेव्हा या लोम्बार्दांनी मुसलमान वस्त्यांची कत्तल केली. राजा विल्यम पहिल्याने पियात्सा बेचिराख केलं. त्याची बीजं आदेलासियाच्या काळात पडली होती, हे नाकारता येत नाही.

माजघर

तिने बर्गंडीच्या रॉबर्ट नावाच्या सरदाराला मुलगी दिली, दहा वर्षं त्याच्याकडून राज्य राखून घेतलं आणि रॉजर मोठा झाल्यावर त्याला विष घातलं, असं वाचलंय. हे खरं आहे?

शिलेदार

नाही. ही गोष्ट ओर्डेरिक व्हितालिसची. हा बखरकार भिक्षू नॉर्मंडीतल्या सेंत-एव्ह्रू मठात बसून लिहीत होता. आदेलासियाबद्दल त्याने एकही बरा शब्द लिहिलेला नाही.

तपासायची रीत सांगतो. दहा वर्षं जो माणूस राज्य चालवतो, त्याचं नाव सनदांत यायला हवं: साक्षीदार म्हणून, नाहीतर जमीन देणारा किंवा निवाडा करणारा म्हणून. सिसिलीच्या दस्तांत या रॉबर्टचा मागमूस नाही. आणि दहा वर्षं धरली तर आदेलासियाची जवळपास सगळी कारकीर्द त्याच्याकडे जाते, आणि दस्तांत त्या काळी नाव दिसतं ते तिचं. म्हणून बहुतेक इतिहासकार ही कथा बाजूला ठेवतात.

कोरा_कागद

शिलेदार यांच्या म्हणण्याला जोड. जून १११२ ची एक लॅटिन सनद आहे, पालेर्मोच्या आर्चबिशपला दिलेली. तिच्यात आदेलासियाचं नाव आधी, मग मुलाचं, आणि मुलाच्या नावापुढे शब्द आहेत 'याम मिलेस, याम कोमेस'. आता नाइट, आता काउंट. 'याम' म्हणजे 'आता', 'एव्हाना'. मुलाला नुकती तलवार बांधलीय, तो सज्ञान झालाय, आणि तरी आईचं नाव अजून पहिलं आहे. एकाच ओळीत कारभार हातातून हातात जाताना दिसतो. लिहिणाऱ्याने तो 'याम' दोनदा लिहिला, त्यात केवढा आनंद असेल.

स्थळही बघा. नवऱ्याची राजधानी मिलेतो, कालाब्रियात. आदेलासियाचा मुक्काम बहुधा सान मार्को द'आलुंत्सिओ आणि मेस्सिनाला. १११२ मध्ये दरबार पालेर्मोत. बेटातलं सगळ्यात मोठं शहर, अरबी कारागीर, लेखनिक, बंदर. रॉजरने पुढे जे उभं केलं त्याची जागा आईच्या कारकिर्दीच्या अखेरीस ठरली होती.

दर्यावर्दी

मग अक्का. तिच्या आयुष्यातला सगळ्यात क्लेशाचा भाग.

जेरुसलेमचा राजा बाल्डविन पहिला याला पैसा आणि आरमार हवं होतं. २८ जून १११३ ला अल-सन्नाब्रा इथे मोसुलचा अमीर मवदूद याने त्याचा पराभव केला होता, तेव्हा गरज आणखीच वाढली. आदेलासिया श्रीमंत, विधवा, आणि तिच्या मुलाच्या हातात भूमध्य समुद्रातली उत्तम जहाजं. बोलणी आधीच झाली होती. सिसिलीकडून अट एकच: या लग्नापासून मूल झालं नाही तर जेरुसलेमची गादी रॉजरला मिळावी. आदेलासिया तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे अट घालणाऱ्यांनी नीट विचार केला होता. बाल्डविनने ती मान्य केली.

ऑगस्ट १११३ मध्ये ती अक्काला पोचली. त्या काळचा बखरकार आखेनचा आल्बर्ट वर्णन करतो: प्रत्येकी ५०० लढवय्ये असलेली दोन मोठी वल्ह्यांची जहाजं, शिवाय सोनं, चांदी, जांभळी वस्त्रं, रत्नं आणि शस्त्रं भरलेली ७ जहाजं. ती स्वतः ज्या जहाजात होती त्याची डोलकाठी शुद्ध सोन्याने मढवलेली. दुसरा इतिहासकार, सूरचा (टायरचा) विल्यम, यादीत धान्य, तेल, मद्य आणि खारवलेलं मांसही घालतो. हे खारवलेलं मांस मला सोन्याच्या डोलकाठीपेक्षा बोलकं वाटतं. उपाशी राज्याला काय लागतं, ते पाठवणाऱ्यांना माहीत होतं.

आता मोडलं कुठे. बाल्डविनची आधीची आर्मेनियन बायको जिवंत होती. तिला त्याने जेरुसलेमच्या सेंट अॅनच्या मठात टाकलं होतं, तिथून ती कॉन्स्टँटिनोपलला गेली. तो विवाह रीतसर मोडलेला नव्हता. तरी जेरुसलेमचा पॅट्रिआर्क (तिथला सर्वोच्च ख्रिस्ती धर्मगुरू) आर्नूल्फ याने हे लग्न लावलं. १११५ मध्ये पोपच्या दूताने आर्नूल्फला पदावरून काढलं. तो रोमला गेला, आणि १११६ मध्ये पोप पास्कल दुसऱ्याने त्याला परत नेमलं ते याच अटीवर की हे लग्न मोडायचं. ज्याने लग्न लावलं त्याच्याच हातून ते मोडवून घेतलं.

१११६-१७ च्या हिवाळ्यात बाल्डविन आजारी पडला. मूल नव्हतं. तो गेला असता तर करारानुसार गादी रॉजरकडे जाणार, आणि तिथल्या सरदारांना सिसिलीहून राज्य करणारा राजा नको होता. धर्माचा प्रश्न खराच होता, पण घाई झाली ती वारसाच्या भीतीने, असं माझं मत. लग्न रद्द झालं. २५ एप्रिल १११७ ला आदेलासियाचं जहाज अक्काहून निघालं. तिने आणलेलं धन तोवर खर्ची पडलं होतं.

सूरचा विल्यम साठेक वर्षांनी लिहितो की त्या घराण्याने जेरुसलेमच्या राज्यावरचा राग कधी सोडला नाही आणि मदतीला काही पाठवलं नाही.

माजघर

म्हणजे तिला पहिल्या बायकोचं ठाऊकच नव्हतं?

दर्यावर्दी

@माजघर, विल्यमचं म्हणणं की तिला फसवलं गेलं, ती सरळ मनाने आली होती. बाल्डविनच्या बाजूच्या लोकांना मात्र सगळं माहीत होतं. विल्यम स्वतः जेरुसलेमच्या राज्यातला आर्चबिशप, म्हणजे दोष आपल्याच राजाला देतोय. म्हणून त्याच्या शब्दाला मी वजन देतो.

बाल्डविन २ एप्रिल १११८ ला अल-अरीशला वारला. त्याच महिन्याच्या १६ तारखेला आदेलासिया सिसिलीत पात्तीला वारली. दोघांच्या मृत्यूत दोनच आठवड्यांचं अंतर.

वंशवेल

मुलगी मातिल्दाबद्दल एक राहिलं. नवरा रानुल्फशी तिचं पटेना, ती ११३१ च्या सुमारास भावाकडे आली आणि त्यावरून जे युद्ध पेटलं ते रानुल्फ मरेपर्यंत, ११३९ पर्यंत, चाललं. तेलेसेचा मठाधिपती अॅलेक्झांडर याने रॉजरचा जो वृत्तांत लिहिला तो या मातिल्दाच्या सांगण्यावरून. लहानपणी सिमोन आणि रॉजर नाण्यांसाठी खेळत, रॉजर पोरं गोळा करून थोरल्याला हरवी आणि म्हणे, गादी मला मिळायला हवी, तुला बिशप करीन, ही आठवण त्यातच आहे. मुलांच्या खोलीतली ही गोष्ट बहिणीकडूनच आली असणार.

आणि नातं लक्षात ठेवायला: सम्राट फ्रेडरिक दुसरा हा रॉजरच्या कॉन्स्टन्स या मुलीचा मुलगा. आदेलासिया त्याची पणजी.

माजघर

पात्तीच्या कॅथेड्रलमधल्या थडग्याचा फोटो लेखात वापरायचा आहे. वर जी स्त्री कोरलीय ती तिचं खरं रूप मानायचं का?

कोरा_कागद

नाही. तिथली शवपेटी सोळाव्या शतकातली आहे, तिच्या मृत्यूनंतर चारशेहून अधिक वर्षांनी घडवलेली. चेहरा कारागिराच्या कल्पनेतला आणि पेहरावही त्याच्याच काळच्या रीतीचा. फोटोखाली 'आदेलासियाचं थडगं, पात्ती, सोळाव्या शतकातलं काम' असं लिहा. तिच्या हयातीतलं काही दाखवायचं असेल तर त्या ११०९ च्या पत्राचा फोटो घ्या, आणि ग्रीक व अरबी दोन्ही मजकूर चौकटीत येतील असा कापा. बऱ्याच ठिकाणी एकच भाषा दिसेल असा अर्धा फोटो छापतात.